‘कळलं नाही’ म्हणायला पोर्तुगालपर्यंत

आमच्या मखमलाबादेतून आजवर जे कोणी परदेशी जाऊन आले, त्यांनी आल्यावर दोन कामं नेमाने केली. सगळ्या भावकीला चॉकलेटं वाटली, आणि तिकडचे रस्ते किती चकाचक असतात ते वर्षभर ऐकवलं. चॉकलेटं मीही वाटली. रस्त्यांचं मात्र मी बोलणार नाही, कारण पोर्तुगालच्या ज्या गावात आम्ही राहिलो तिथे रस्त्यावर शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या असायच्या, आणि त्या पाहून मला परक्या मुलखात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. ज्यांना चकाचक रस्ते हवे असतील त्यांनी दुसऱ्या कुणाकडे चहाला जावं.

आम्ही काही फिरायला गेलो नव्हतो. गेलो होतो बैठकीला. आमची धाकटी अर्चना शेतकी कॉलेजातून शिकली, द्राक्षावरच्या भुरी रोगाचा अभ्यास करायला शिष्यवृत्ती मिळवून पोर्तुगालला गेली, आणि दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाली की तिला एक मुलगा आवडलाय. भुरीवर औषध सापडलं की नाही ते मला अजून माहीत नाही, नवरा मात्र सापडला. मुलाचं नाव रुई. शनिवारी मारुतीला वाहतात ती. भावकीतल्या बायकांनी नाव ऐकूनच तोंडाला पदर लावला, आणि पुढचा महिनाभर कुठल्याही कार्यात मी दिसले की त्यांना हमखास खोकला यायचा.

आमच्या ह्यांनी काही दिवस अन्न गोड लागत नाही असं सांगत दोन्ही वेळा व्यवस्थित जेवण केलं. मग जाहीर केलं की मुलगा गोरा असो नाहीतर हिरवा असो, बैठक झाल्याशिवाय लग्न नाही. मुलाचे वडील वारलेले, आई एकटी, ती काही मखमलाबादला येणार नाही. म्हणजे आपणच जायचं. ही दोन हजार चार सालची गोष्ट. मे महिना संपला, लग्नसराई उतरली, आमच्या मळ्यातल्या गुलाबाचा भाव पडला, आणि आम्ही पासपोर्ट काढून मोकळे झालो.

बैठक कशी असते ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण कुणा शहरी माणसाने हे वाचलं तर म्हणून सांगते. मुलाकडचे गादीवर बसतात आणि बोलतात. मुलीचा बाप सतरंजीच्या काठावर बसतो आणि हो म्हणतो. मानपान अमुक पाहिजे, हो. लग्न आमच्या दारात, चालेल. घोडा पाहिजे, आमची काही हरकत नाही. आमच्या थोरलीच्या बैठकीत मुलाच्या चुलत्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ह्यांनी हो म्हणून टाकलं होतं. ते बिचारे फक्त आणखी एक कप चहा मागत होते.

त्यात आमच्या ह्यांचा स्वतःचा एक गुण आहे. फुलबाजारात त्यांच्या शब्दाला मान आहे, गुलाबाची छाटणी त्यांच्यासारखी पंचक्रोशीत कुणी करत नाही, पण ‘मला कळलं नाही’ हे वाक्य लग्नापासून तोवर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. बँकेचा साहेब इंग्रजीत बोलला, ह्यांनी मान डोलावली. ठिबकवाला इंजिनीअर तासभर काहीतरी सांगून गेला, मान डोलावली. डॉक्टरांनी औषध कसं घ्यायचं ते समजावलं, फार समजूतदारपणे मान डोलावली, आणि रस्त्यावर आल्यावर मला विचारलं, काय म्हणत होता गं तो?

गंगापूर रोड

अर्चनाने फोनवर बजावलं होतं की थोडी तरी भाषा शिकून या. गंगापूर रोडला गोव्याकडच्या एक म्हाताऱ्या शिक्षिका राहायच्या, त्यांना लहानपणची पोर्तुगीज येत होती. आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी एक वाक्य पाठ करा: नाउं पर्सेबु. म्हणजे मला समजत नाही. परक्या देशात हे एक वाक्य आलं की माणूस तरतो. ते आलं की दुसरं, माइश द्वगार, म्हणजे जरा सावकाश बोला.

मी पाठ केलं. ह्यांनी पाय हलवत ऐकून घेतलं आणि बाईंना विचारलं, "ते राहू द्या. ‘समजलं’ कसं म्हणायचं ते सांगा."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या की नुसतं हो म्हणायचं असेल तर सीं. हे खूश झाले. एका अक्षरात भाषा आली, घरी जाऊन पाणी सोडायला मोकळे. मी घरी येताना रिक्षात त्यांना म्हटलं, अहो, मुलीच्या भल्यासाठी तेवढं वाक्य शिकून घ्या. ते म्हणाले, मुलीच्या बापाने व्याह्यांच्या दारात जाऊन मला कळत नाही म्हणायचं? आपली काय पत राहील? ह्याला उत्तर असतं तर मी इतकी वर्षं मुकाट गुलाब खुडत बसले असते का?

पोर्तू

विमानाचं वर्णन करत नाही. बसलो, उठलो, पाय सुजले.

पोर्तू हे शहर नदीच्या दोन्ही काठांवर चढत गेलंय. आमचा पंचवटीचा चढ चढताना मला दम लागतो, इथे तर दुधाची पिशवी आणायची तरी डोंगर चढायचा. घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या-पांढऱ्या फरश्या. आमच्याकडे ज्या फरश्या लोक न्हाणीघरात लावतात त्या इथल्या लोकांनी देवळाला लावल्यात, आणि खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसतात. त्याच सुंदर घरांच्या गॅलऱ्यांत भररस्त्यावर चड्ड्या-बनियन वाळत घातलेले. ते पाहिल्यावर हे म्हणाले, माणसं आपल्यातलीच हायेत.

अर्चना विमानतळावर आली होती. केस कापलेले, रंग उजळलेला, आणि आम्हाला पाहून रडली. तिच्याशेजारी एक उंच पोरगा उभा, दाढी वाढवलेली, हातात फुलं. फुलं घेऊन तो फुलवाल्यांना घ्यायला आला होता. ह्यांनी गुच्छ उलटा करून देठ पाहिले आणि माल शिळा आहे असं मराठीत सांगितलं. रुईने विचारलं काय म्हणाले, अर्चनाने सांगितलं की फार आवडली म्हणतात. दुभाष्या मुलीचं काम हे असं असतं, ते मला तिथेच कळलं.

जेवणाची मात्र माझी पंचाईत झाली. आपल्याकडे यजमान वाढायला आला की आधी नको म्हणायचं, मग पुरे म्हणायचं, मग हात आडवा धरायचा, आणि तरी त्याने वाढलं की पोटभर जेवायचं. ही साधी माणुसकी. तिथल्या खानावळीत वाढणारा आला, मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. तो बरं म्हणाला आणि ताट उचलून घेऊन गेला. मी ताटाकडे बघतच राहिले. असं दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी मी लाजलज्जा सोडून पहिल्याच आग्रहाला हो म्हटलं, तर पुढ्यात सुकवलेला मासा आला. आपल्या बुधवारच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या गल्लीतून जाताना येतो तोच वास. मी बटाटे खाल्ले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या लोकांत हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. मी हे ह्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

रुईचं गाव

रुईचं गाव पोर्तूपासून आत, दोरू नदीच्या वरच्या अंगाला. डोंगरच्या डोंगर पायऱ्या करून द्राक्षं लावलेली. आमच्या पिंपळगावकडे द्राक्षाचा मांडव असतो, खालून माणूस ताठ चालतो. इथे वेली तारेवर बुटक्या, उन्हात उभ्या, आणि जमीन म्हणजे नुसत्या दगडाच्या कपच्या. ह्यांनी एक कपची उचलून बघितली आणि एवढ्या मुरमाड रानात पिकवणाऱ्याच्या पायाच पडलं पाहिजे असं म्हणाले. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले. अर्चनाने सांगितलं, भुरी आधी गुलाबावर दिसते, मग वेलीवर जाते, म्हणून पहाऱ्याला गुलाब. इतकी वर्षं आम्ही गुलाब विकले, पहाऱ्याला उभे करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रुईची आई, दोना लुर्द्श, दारात उभी होती. बुटकी, काळा झगा, काळे मोजे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिथल्या खेड्यातली विधवा काळं सोडत नाही. तिने माझे दोन्ही गाल धरून दोन मुके घेतले. ते मी सोसलं. मग तिने ह्यांचेही घेतले. मखमलाबादच्या वेशीत कधी असा प्रसंग आला नव्हता. हे कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, सीं, सीं.

बाई होती मात्र कामाची. मळ्यात बटाटे, कांदे, एक उंच दांड्याची हिरवी कोबीसारखी भाजी. त्या भाजीची पानं ती गुंडाळी करून अशी बारीक चिरायची की कोथिंबिरीने लाजावं, आणि बटाट्याच्या पातळ रश्श्यात टाकायची. सोबत मक्याची भाकरी, फक्त ती फुगवून पाव केलेली. मी दोन वाट्या रस्सा प्यायले. विहीण म्हणून तिला नावं ठेवायची माझी पूर्ण तयारी होती, पण स्वयंपाकात तिने मला संधी दिली नाही.

ती बोलायची खूप. आणि बोलताना हात धरायची. मी दर दोन वाक्यांनी नाउं पर्सेबु म्हणायचे. मग ती हसायची, तेच पुन्हा सावकाश सांगायची, हाताने दाखवायची, आणि मला चार आण्याचं तरी कळायचं. ह्यांच्याशी बोलताना तिला हा त्रास नव्हता. ह्यांना सगळंच कळत होतं. तिने ह्यांना हवापाणी सांगितलं, सीं. नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं, ह्यांनी हसून सीं. तिने डोळे मोठे केले. अर्चनाने घाईघाईने काहीतरी सावरून घेतलं.

रविवार

रविवारी सकाळी विहीणबाई चर्चला जाऊन आल्या. जेवण मांडलं. तेवढ्यात गॅस संपला, म्हणून रुई आणि अर्चना गाडी घेऊन खालच्या गावी सिलिंडर आणायला गेले. तिथेही गॅस ऐन जेवणाच्या वेळीच संपतो, ही मला मोठी दिलासा देणारी गोष्ट वाटली.

पोरं गेली तशी विहीणबाईंनी खुर्ची ह्यांच्यासमोर ओढली. ह्यांच्या पेल्यात लाल दारू ओतली. (हे घेत नाहीत. पेला हातात धरून बसले होते.) मग हात पुसून, गळ्यातला क्रूस एकदा चाचपून, तिने बोलायला सुरुवात केली. रोजच्यासारखं भराभर नाही. हळू, शब्द तोलून. मध्येच खिडकीतून चर्चकडे बोट दाखवलं, ओंजळ करून डोक्यावर पाणी सोडल्यासारखं केलं. आणि थांबून ह्यांना विचारलं, "पर्सेब?" म्हणजे समजतंय ना?

ह्यांनी पाठ ताठ केली. बैठकीत बसतात तसे पुढे सरकून बसले, चेहरा मुलीच्या बापाचा केला, आणि म्हणाले, "सीं."

मला काही ते बरं दिसेना. बाईचा आवाज हवापाण्याचा नव्हता. मी मध्ये तोंड घातलं आणि म्हटलं, नाउं पर्सेबु, माइश द्वगार. ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला आणि बाईकडे बघून असे हसले की बायकांचं काय मनावर घ्यायचं. बाईने पुन्हा विचारलं. सीं. तिसऱ्यांदा, ह्यांचा हात हातात घेऊन विचारलं. ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सीं, सीं. आमची काही हरकत नाही."

विहीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उठून ह्यांचे पुन्हा दोन मुके घेतले, मला मिठी मारली, आणि फोनकडे धावली. हे मला म्हणाले, बघ, अशी बैठक व्हायला पाहिजे. ना रुसवा, ना फुगवा.

सिलिंडर घेऊन पोरं आली. विहीणबाईंनी अंगणातच दोघांना गाठलं आणि हसत-रडत सगळं सांगितलं. मी दारातून अर्चनाचा चेहरा बघत होते. तो पांढराफटक पडला. ती आत आली आणि ह्यांना म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

हे म्हणाले, काही नाही, त्या विचारत होत्या, मी हो म्हटलं.

मग अर्चनाने सांगितलं. लग्न चर्चमध्ये व्हावं, त्याआधी अर्चनाने डोक्यावर पाणी घेऊन त्यांच्या धर्मात यावं, हे विहीणबाई वर्षभर मागत होती. अर्चना वर्षभर नाही म्हणत होती. रुईची तशी काही मागणी नव्हती, पण आईचं मन मोडवेना, म्हणून तोही म्हणायचा, दोन मिनिटांचं तर काम, घे पाणी. शेवटी अर्चनाने सांगितलं होतं की माझे वडील कधीच तयार होणार नाहीत. हे एकच उत्तर त्या बाईने मानलं होतं. बापाचा शब्द म्हणजे शब्द. ती म्हणाली होती, ते येतील तेव्हा मी त्यांनाच विचारीन.

आणि ह्यांनी छातीवर हात ठेवून हो सांगितलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. उद्या पाद्रीबाबा घरी येणार होते दिवस ठरवायला.

अर्चना खुर्चीत बसली. म्हणाली, "ज्याचा अर्थ माझ्या मनात नाही, ते मी कुठल्याच देवासमोर हो म्हणणार नाही. आता नाही म्हटलं तर मी बापाचा शब्द मोडणारी. त्यापेक्षा मी तुमच्याबरोबर परत येते."

हे म्हणाले, मला वाटलं त्या सिंहस्थाचं विचारतायत. डोक्यावर पाणी, म्हणजे गोदावरीतलं स्नान. रुईने सांगितलं असेल.

मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या घरातली लहान मुलंही हे वाचतील.

हे उठून द्राक्षाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तिकडे जूनमध्ये संध्याकाळचे नऊ वाजले तरी ऊन असतं, त्यामुळे माणसाला तोंड लपवायचीही सोय नाही. मी खिडकीतून बघत होते. मला भयंकर राग आलेला होता, आणि त्या पाठमोऱ्या माणसाची कीवही येत होती. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्याचं मन मोडू नये म्हणून हो म्हणत आला, आणि त्यात पोटच्या पोरीचं मन मोडलं.

सोमवार

सकाळी दाढी करता करता ह्यांनी आरशातूनच मला विचारलं, ते गंगापूर रोडच्या बाईंचं वाक्य काय होतं?

मी सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं. पर्सेबु त्यांच्या जिभेवर काही केल्या बसेना. अर्चनाला बोलावून ‘काल’ला काय म्हणतात ते विचारलं. ती म्हणाली, अण्णा, मी सांगते त्यांना, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. ते म्हणाले, नाही. हो मी म्हटलंय.

विहीणबाई पाद्रीबाबांसाठी टेबलावर चांगली चादर अंथरत होती. हे समोर जाऊन उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "दोना लुर्द्श. ओंतें, नाउं पर्सेबु." आणि उभेच राहिले.

तिने चादर सोडली. अर्चनाकडे पाहिलं, रुईकडे पाहिलं, मग ह्यांना काहीतरी विचारलं. अर्चना म्हणाली, त्या म्हणतायत, मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं.

हे मराठीत म्हणाले आणि अर्चना एकेक वाक्य सांगत गेली. आमच्याकडे मुलीचा बाप बैठकीत नाही म्हणत नाही. तशी रीत आहे. मला तुमचं एक अक्षर कळलं नव्हतं, आणि कळत नाही म्हणायची मला लाज वाटली. मग म्हणाले, "हे मला विचारू नका. तिला विचारा."

अर्चना हे शेवटचं वाक्य सांगायला गेली आणि अडली. मला विचारा, हे तिने स्वतःच कसं सांगायचं? आमच्या थोरलीच्या लग्नात असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या वेळी तर मी आत भाकरी थापत होते, बाहेर काय ठरलं ते मला ताटं वाढताना समजलं. शेवटी पोरीने डोळे पुसले आणि सांगितलं. विहीणबाईने तिच्याकडे वळून तिला विचारलं. अर्चना म्हणाली, "नाउं."

हे मात्र कुणालाच सावकाश सांगावं लागलं नाही.

विहीणबाई चादर तशीच टाकून स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी आपटल्याचे आवाज यायला लागले. रुई मागे जायला उठला, मी त्याला हाताने बसवलं. भांडी कोणत्या कारणासाठी आपटली जातात ते पुरुषाला आवाजावरून कळत नाही. मी आत गेले.

ती बटाटे सोलत होती, साल कमी आणि बटाटा जास्त काढत होती, आणि रडत होती. मला पाहून ती बोलायला लागली. रागाने, भराभर. मी मान डोलावली असती तर तिचं बोलणं तिथेच संपलं असतं. मी म्हटलं, नाउं पर्सेबु.

तिने सुरी ठेवली. पुन्हा सांगितलं, जरा हळू. मी म्हटलं, नाउं पर्सेबु. मग तिने माझं मनगट धरून मला खिडकीशी नेलं. खिडकीतून चर्चमागची दफनभूमी दिसते. पांढऱ्या दगडांची, दिव्यांची. तिने एका दगडाकडे बोट केलं आणि तेच बोट गळ्यातल्या क्रुसाजवळच्या छोट्या फोटोला लावलं. तिचा नवरा. त्याच्याशेजारची रिकामी जागा, आणि बोट स्वतःच्या छातीला. त्याच्याजवळ आणखी एक, रुई. मग तिने आभाळाकडे हात केले, तिघांना ओंजळीत गोळा केल्यासारखं केलं. आणि मग म्हणाली, अर्चना. आणि ओंजळ उघडून मला रिकामी दाखवली.

मला वाटत होतं ही बाई आमच्या पोरीला बाटवायला निघालीय. आणि तिला भीती होती की मेल्यावर सगळे एका ठिकाणी असतील, आणि ही पोर दाराबाहेर राहील. देवाच्या घरी गेल्यावर सून आत दिसली नाही तर काय करायचं, ह्याचा घोर वर्षभर तिच्या जिवाला लागलेला. आपल्या पोरीसाठी इतका लांबचा विचार मी कधी केलेला नव्हता.

हे मला पूर्ण कळलं होतं. तरी मी म्हटलं, नाउं पर्सेबु. कारण तिचं सांगून व्हायचं होतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, नवऱ्याचं आजारपण, काळे कपडे, एकटीचं घर, रुईच्या डोक्यावर बाळपणी पाणी घातलं तेव्हाचा त्याचा पांढरा झगा. मी प्रत्येक वेळी तेच म्हणत गेले आणि ती सांगत गेली. तिचा आवाज उतरत उतरत साधा झाला. ह्या घरात तिचं कुणी इतकं ऐकून घेतलं नसावं. बोलता बोलता तिने दुसरी सुरी काढून माझ्यापुढे ठेवली, भाजीची पानं दिली, आणि मी कशी चिरते ते पाहिलं. माझी चिरलेली तिला जाड वाटली. तिने ती बाजूला सारून मला नवी पानं दिली.

मग ती उठून बाहेर गेली. बाहेरच्या फोनवर तिचा आवाज ऐकू आला, थोडं बोलणं, बराच वेळ ऐकणं, मग पुन्हा थोडं.

अर्चना धावत आत आली. गाल ओले, नाक लाल. म्हणाली, "त्यांनी पाद्रीबाबांना सांगितलं, येऊ नका म्हणून. लग्न सरकारी कचेरीत होऊ दे म्हणाल्या. आई, तू काय बोललीस त्यांना?"

मी म्हटलं, "काही नाही गं. मला कळत नाहीये, एवढंच सांगत होते."